हरवलेल्या वस्तूंची पेटी

दाइवा, आपली ओळख नाही.
मी जेनोवाइते. तुमच्या उग्नियुसच्या शाळेत फरशी पुसते,
सत्तावीस हिवाळे झाले.
क्लाइपेदाच्या बंदरावरून वारा सुटला
की दारातला बर्फही मीच लोटते,
आणि जिन्याखाली हरवलेल्या वस्तूंची पेटी आहे,
तीही माझ्याकडे.

पेटीत येतात टोप्या, एकएकटे मोजे,
एकदा कुणाचा तरी दुधाचा दात, कागदात गुंडाळलेला.
मुलं विसरतात,
आया येतात, हसतात, घेऊन जातात.

पण ऑक्टोबरपासून मी वहीत लिहून ठेवते आहे.
निळा हातमोजा, डावा : तिसरा मजला, संडासाच्या भांड्यात.
भूगोलाची वही : छताच्या पन्हाळीत, भिजून लगदा.
डबा : सापडला तेव्हा आत वाळू होती.
उजवा बूट : सायकलींच्या छपरावर.
(शिडी लावून काढला. माझे गुडघे तुम्हाला माहीत नाहीत.)
प्रत्येकावर आतल्या बाजूला एकच नाव.
कपड्यांवर लाल दोऱ्यानं, बारीक टाक्यांत.
टाके तुमचेच असणार.

मी त्याला विचारलं. म्हणाला, पडला असेल.
म्हटलं, बाळा, हातमोजे
आपल्या पायांनी जिने चढत नाहीत.
तो हसला.
ते हसू मी ओळखते.

माझा धाकटा भाऊ कास्तीतिस तसाच हसायचा.
आई सांगायची, लक्ष देऊ नकोस, दमतील आपोआप.
ते कधी दमले नाहीत.
आता तो साठीला टेकलाय, दुसऱ्या गावात असतो,
अजूनही खानावळीत गेला
की भिंतीला पाठ लावूनच बसतो.
मी त्याच्याहून एक वर्ग पुढे. मला मैदानातलं सगळं दिसायचं.
मी सफरचंद खात होते.

हाताची घडी, तोंडावर बोट :
चांगली सवय आहे, गणिताच्या तासाला.
पण घंटा झाली तरी काही मुलांचं बोट तिथंच राहतं,
आणि आपण म्हणतो, किती शांत मुलगा,
कसला म्हणून त्रास नाही.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना,
त्यात बुक्के मारणारे दोघं-तिघंच.
तोंड दाबायला आम्ही पुष्कळ.

काल उर्ते आली, सातवीतली.
बादलीपाशी उभी, बुटाचं टोक फरशीवर घासत.
"सांगितलं तर ती चहाडी होते का?"
मी फडकं पिळलं. विचार करायला तेवढा वेळ मिळतो.
म्हटलं, कुणी अडकावं म्हणून सांगत असशील, तर असेल.
कुणी सुटावं म्हणून सांगत असशील, तर बोल.
मग ती बोलली. तीन नावं, दोन तारखा, तो बूट.
मध्येच थांबली.
"मीपण हसले होते."
ते मी वहीत लिहिलं नाही.

म्हणून ही चिठ्ठी.
मंगळवारी मुख्याध्यापिका आठला येतात.
मी पेटी घेऊन त्यांच्या दाराशी असेन.
एकटी गेले तर म्हणतील, वाऱ्यानं उडालं असेल.
मागं एकदा म्हणाल्या होत्या, दुसऱ्या मुलाच्या वेळी,
आणि मी बरं म्हणून बादली उचलली होती.
पेटी जड नाही, पण रुंद आहे.
दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवं.

उग्नियुसवर रागावू नका, लपवलं म्हणून.
त्याला वाटतं, तो तुम्हाला जपतोय.
येऊ नका म्हणाला, तरी या,
फक्त त्याच्या चोरून येऊ नका.

हातमोजा मी धुतलाय, दोनदा.
हीटरवर ठेवलाय.
लोकर जाड आहे, आत बोटं घातली
की अजून ओली लागते.